भैरवीचे सरोवर

रागमालेच्या चित्रांत भैरवी रागिणी बहुधा एकाच रूपाने भेटते: पहाटेचा प्रहर, जलाशयालगतचे शिवालय, आणि टाळ वाजवीत शिवलिंगापुढे गाणारी एकाकी तरुणी. १५९१ साली काशीनजीक चुनार येथे रंगविलेल्या संचात ती आहे, आणि पुढील चिताऱ्यांनीही तिला सहसा पाण्यापासून दूर नेलेले नाही. रसिकाची दृष्टी प्रथम तिच्या मुखावर स्थिरावत असेल. बीडच्या माणसाची मात्र पाण्यावर जाते, कारण त्याच्या गावी कंकालेश्वराचे तारकाकृती पाषाणमंदिर असेच जलकुंडाच्या मध्यभागी उभे आहे, आणि पाणी ही शोभेची बाब असू शकते हे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या अवर्षणग्रस्त मुलुखास कधी पटलेलेच नाही.

इथली शिवपूजा पावसाच्या हिशेबाने चालते. श्रावणी सोमवारी नवविवाहिता तांदूळ, तीळ, मूग, जव अशी क्रमाने शिवामूठ वाहतात, तेव्हा शिवारातले पीक अजून आभाळाच्या मर्जीवर असते. कंकालेश्वराची यात्रा भरते ती महाशिवरात्रीस, जेव्हा रब्बीचे धान्य खळ्यावर येऊ लागलेले असते आणि पुढचा उन्हाळा कसा निघेल याची चिंता मनाच्या उंबऱ्याशी येऊन ठेपते. या दोहोंच्या मध्ये प्रथम येणारा ऋतू शरद. आणि रागवर्गीकरणाच्या हनुमन्मत या परंपरेने सहा रागांना सहा ऋतू वाटून दिले, तेव्हा भैरवीचा पती जो भैरव, त्याच्या वाट्यास नेमका तोच आला.

चिताऱ्याने सरोवर काठोकाठ भरून त्यात कमळे फुलविली, ती या दृष्टीने पाहता सरत्या वर्षाकाळाच्या जमेची नोंदच होय. बीडजवळची खजाना विहीर अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या अमदानीत, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधली गेली, आणि उत्तर दख्खनमधील रागमालेची जी मोजकी पाने आज उरली आहेत, तीही साधारण त्याच शतकाच्या अखेरची मानली जातात. भुयारी पाटांनी शेतांना पाणी पुरविणारा तो काळ चित्रातल्या पाण्याकडे निव्वळ पार्श्वभूमी म्हणून पाहत असेल, हे संभवत नाही.

म्हणून भैरवीच्या गाण्यात विरहाची आळवणी शोधणाऱ्यांशी माझा नम्र मतभेद आहे. मागण्याचे दिवस श्रावणातच सरले. भरल्या तळ्याशी बसून ती देवाला मिळाल्याची पोच देत आहे.