सगळ्यांचं उत्तर जुळलं की...

मे महिन्यातली डोंबिवलीची रात्र. साडेअकरा वाजलेत, पंखा पाचवर आहे आणि तरी बनियन पाठीला चिकटलंय. आई म्हणते, "अरे, पुण्याला मावशीकडे पहाटे चादर लागते. आपणच काय पाप केलंय?"

पाप नाही, बाष्प! दिवसभर तापलेली जमीन रात्री इन्फ्रारेड किरणांतून उष्णता वर टाकते. हवा कोरडी असेल तर ८ ते १२ मायक्रॉनच्या पट्ट्यातली बरीचशी उष्णता थेट अवकाशात जाते, जणू खिडकी उघडी आहे. खाडीकाठच्या दमट हवेत ती खिडकी अर्धीअधिक लागते.

हे हवामानाच्या मॉडेलला शिकवायचं तर प्रोग्रामरचे हाल. बाष्प, कार्बन डायऑक्साइड वगैरे मंडळी लाखो बारीक रेषांवर किरणं शोषतात. एकेक रेषा मोजणारे 'लाइन-बाय-लाइन' कोड आहेत, पण अख्ख्या पृथ्वीसाठी शंभर वर्षांचा हिशोब त्यांच्याकडून करून घ्यायचा तर सुपरकॉम्प्युटरही हात जोडेल. मग शॉर्टकट. शाळेत प्रार्थनेला उंचीप्रमाणे उभं करायचे, आठवतंय? तशी रेषांची मूळ जागा विसरून शोषणाच्या ताकदीप्रमाणे रांग लावायची आणि मोजक्याच प्रतिनिधींवरून हिशोब करायचा. आरआरटीएम हा कोड नेमकं हेच करतो: इन्फ्रारेडचे १६ पट्टे, प्रत्येकात १६ प्रतिनिधी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं मॉडेल ज्या अमेरिकन सीएफएसव्ही२ वर बेतलंय, त्यात याच घराण्यातला कोड आहे.

पण शॉर्टकट बरोबर आहे हे ठरवायचं कसं? १९८४ मध्ये आयसीआरसीसीएम नावाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. सगळ्या कोडना एकच इनपुट. तापमान तेच, बाष्प तेवढंच. झटपट कोडची उत्तरं चांगलीच फाकली, अगदी निरभ्र आकाशाचीसुद्धा. लाइन-बाय-लाइनवाल्यांची मात्र साधारण १ टक्क्यात जुळली. मी असतो तर तिथेच 'टेस्ट पास' लिहून ठाण्याहून फास्ट पकडली असती.

त्या लोकांनी १९९१ मध्ये उलटंच सांगितलं: उत्तरं जुळली म्हणून ती खरी ठरत नाहीत. कारण बाष्पाच्या 'कंटिन्यूअम'बद्दल, म्हणजे रेषांच्या मधल्या जागेत होणाऱ्या शोषणाबद्दल, सगळ्यांचीच माहिती कच्ची होती. आणि आपली खिडकी लावून घेतो तो हाच कंटिन्यूअम. बाष्प दुप्पट झालं की त्याचा जोर जवळपास चौपट! दमट रात्री आकाशातून दर चौरस मीटरला ४०० वॉटच्या आसपास उष्णता खाली येते. १ टक्का म्हणजे ४ वॉट. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर पृथ्वीच्या हिशोबात पडणारा फरकही साधारण तेवढाच. म्हणून ते म्हणाले, आकाशाकडे उपकरण लावा आणि मोजा. पुढे १९९० च्या दशकात ओक्लाहोमाच्या माळरानावर उपकरणं लागली आणि त्या मोजमापांवरून कोड सुधारले.

हे वाचलं आणि गेल्या वर्षीचा माझा पराक्रम आठवला. बिलिंगचं जुनं मॉड्यूल आम्ही नव्याने लिहिलं. तीन महिन्यांचा डेटा दोन्हींतून चालवला, फरक शून्य. टीममधल्या नव्या मुलीने विचारलं, "पण जुनं बरोबर होतं हे कोणी बघितलंय का?" मी म्हटलं, "अगं, दहा वर्षं चालतंय ते," आणि साइन-ऑफ दिला.

दोन महिन्यांनी कळलं की विलंब आकाराचा हिशोब पहिल्यापासूनच चुकीचा होता. आम्ही तो इमानेइतबारे नव्यात उतरवला होता. बिलामागे चूक दोन-तीन रुपयांची, पण दर महिन्याला, आणि भरणारी माणसं हजारो. एक बिल कागदावर हाताने मांडलं असतं तर दहा मिनिटांत सापडली असती.

मीटिंगमध्ये मी 'लेगसी इश्यू' असा शब्द वापरला. तिने माझ्याकडे बघितलं, बोलली काहीच नाही.

असो. आता टेस्ट प्लॅनमध्ये पहिली ओळ 'दहा बिलं हाताने' अशी असते. ती ओळ मुळात कोणाची, हे मात्र मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. सोमवारी सांगतो.