वारं पडलं तेव्हा

आमच्या मराठवाड्यात वाऱ्याची वाट बघायची ती खळ्यावर. मळणीयंत्रं यायच्या आधी माणसं तिवईवर चढून, भरलेली पाटी डोक्यावर धरून उभी राहायची. झुळूक आली की धान्य सोडायचं, पडली की हात तसेच वर. संभाजीनगरहून समुद्र रस्त्याने तीनशेहून जास्त किलोमीटर. तरी प्राचीन जहाजाचं देशातलं बहुधा सर्वांत गाजलेलं चित्र आमच्याच जिल्ह्यात आहे, अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात.

तीन डोलकाठ्या, उंच-अरुंद शिडं, नाळेवर रंगवलेला डोळा. कथा पूर्णाची. हा शूर्पारकचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा व्यापारी. त्याचा भाऊ चंदन आणायला गेला, यक्ष कोपला आणि वादळ सुटलं. लोक छताची नक्षी बघत माना अवघडून घेतात आणि जहाज राहूनच जातं. माझी नजर अडकते ती त्यावर मांडलेल्या, बहुधा पाण्याच्या घटांवर. वाऱ्याचा भरवसा असता तर इतकं पाणी कोण कशाला वाहील?

याच चित्रावरून नौदलाची ‘कौंडिण्य’ ही शिडाची नौका बांधली. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, इंजिन नाही. २९ डिसेंबर २०२५ ला पोरबंदरहून निघून ती १४ जानेवारी २०२६ ला मस्कतला पोचली. चौकोनी शिडांना वारा पाठीमागून लागतो आणि हिवाळ्यात तो आपल्याकडून अरबस्तानाकडे वाहतो, पावसाळ्यात उलटा. जमीन पाण्याआधी तापते आणि पाण्याआधी निवते, मुळात कारण एवढंच.

हाच खेळ कोकणात एका दिवसात उरकतो. हिवाळ्यात राजपुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होडीतून निघालो, तेव्हा वारा पाठीला होता, जमिनीवरून येणारा. किल्ला पाहून परत होडीत बसलो आणि शीड पडलं. नुसतं लोंबत राहिलं, टाचलेली ठिगळंसुद्धा मोजता यावीत असं. लाटेवर होडी जागच्या जागी हिंदकळत होती. सहप्रवाशांत चुळबूळ सुरू झाली. एकाने विचारलंच, “काका, वल्ही नाहीत का?”

“हायेत की. पण कशाला? येतोय.” तांडेल आमच्याकडे बघतही नव्हता. त्याचा डोळा पश्चिमेला, पाण्यावर. तिकडे चकाकणाऱ्या पाण्यात एक काळपट, सुरकुतलेला पट्टा दिसत होता आणि तो आमच्याकडे सरकत होता. पट्टा होडीला भिडला, शीड दोनदा फडफडलं आणि टच्च फुगलं. होडी कलली. त्याने दोन जाड्या माणसांना वरच्या बाजूला बसवलं, दोरी पायाच्या अंगठ्याजवळ अडकवली आणि विडी पेटवली. पुन्हा वारा पाठीलाच, आता समुद्रावरून.

खारे वारे आणि मतलई वारे यांची आकृती मी शाळेत बाणांसकट काढली होती. दोन्ही बाणांच्या मध्ये एक रिकामी वेळ असते, ते त्या आकृतीत कुठेच नव्हतं. मोटरच्या बोटीतूनही ते कळलं नसतं.