कलकत्त्याची विजया

महाराष्ट्रांतून कलकत्त्यास, म्हणजे आतांच्या कोलकात्यास, जाणारे गृहस्थ बहुधा कालीघाट, दक्षिणेश्वर, बेलूर मठ आणि व्हिक्टोरिया स्मारक एवढीं स्थळें पाहून परततात. वेळ उरल्यास शिबपूरच्या बागेंतील प्रचंड वटवृक्षाला प्रदक्षिणा घालतात. हीं स्थळें पाहण्यासारखीं आहेतच. परंतु आमच्या मतें विद्येची आवड असणारानें त्या शहरांत एक सबंध दिवस कॉलेज स्ट्रीटवर काढावा. दुतर्फा जुन्या पुस्तकांचीं दुकानें, जवळच संस्कृत कॉलेज आणि थोड्या अंतरावर मेडिकल कॉलेज. ज्यांच्या घरीं हातदुखीचा रोगी असेल त्यांना तर येथें विचार करण्याजोगें पुष्कळ सांपडेल.

आमच्या थोरल्या चिरंजीवांची बदली तिकडे झाल्यामुळें गेल्या आश्विनांत आम्ही सहकुटुंब पुण्याहून निघून हावड्यास उतरलों. सामानांत एक लहानशी बाटली होती. आमच्या कुटुंबाचे हात वर्षभर दुखत होते. सकाळीं उठल्यावर बोटें तास दीड तास वळत नसत. बोटांच्या बुडाचे सांधे दोन्ही हातांवर सारखेच सुजलेले. वाती वळणें बंद झालें, पोळ्या लाटणें सुनांकडे गेलें, आणि गणेशचतुर्थीस मोदकांच्या कळ्या प्रथमच दुसऱ्या कोणी काढल्या. हें पाहून एका आप्तानें मोठ्या प्रेमानें, वैद्यांची चिठ्ठी घेऊन, विजयेच्या म्हणजे भांगेच्या पानांपासून केलेलें तेल आणून दिलें होतें. त्यावरून घरांत दोन पक्ष पडले. नातवंडें म्हणत, "आजी, परदेशांत लोक हें सर्रास घेतात." आमचे धाकटे बंधु म्हणत, "वहिनी, आपल्या घरांत भांग?" कुटुंबानें मात्र एवढेंच विचारलें, "अहो, यानें माझीं बोटें वळतील का, तेवढें सांगा." या साध्या प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें, म्हणून बाटली न उघडतांच बरोबर घेतली होती.

योगायोग असा कीं, आम्ही पोहोंचलों तेव्हां दुर्गापूजा चालू होती. बंगालमध्यें भांगेला सिद्धि म्हणतात. विजयादशमीस देवीच्या मूर्तीचें विसर्जन झालें कीं लहान मंडळी वडिलांना नमस्कार करतात, मिठाई वाटतात, आणि कांहीं घरीं दुधांत घोटलेली सिद्धि थोडथोडी देण्याची जुनी चाल आहे. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनीं आमच्यापुढें पेला केला. आम्हीं हात जोडून मिठाई तेवढी घेतली. येथें हें सांगितलें पाहिजे कीं, भांग, गांजा व चरस हीं एकाच झाडाचीं रूपें होत. पानांची भांग, मादीझाडाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि राळेचा चरस. इ. स. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानें गांजा व चरस यांवर बंधन घातलें. फुलोऱ्याविरहित पानें व बी त्या व्याख्येंतून वगळलीं. त्यामुळें भांगेचे नियम प्रांतोप्रांतीं निरनिराळे आहेत, आणि तिचीं आयुर्वेदीय औषधें वैद्याच्या देखरेखीखालींच घ्यावयाचीं असतात.

सण आटोपल्यावर आम्ही मेडिकल कॉलेज पाहण्यास गेलों. हें कॉलेज इ. स. १८३५ मध्यें स्थापन झालें. उंच खांबांची जी भव्य रुग्णालयाची इमारत आज दिसते ती १८५२ सालची. आमच्या विषयाशीं जिचा संबंध आहे ती हकीकत तीहून जुनी आहे. विल्यम ब्रूक ओशॉनेसी नांवाचे आयरिश डॉक्टर १८३३ मध्यें हिंदुस्थानांत आले व या कॉलेजांत रसायनशास्त्र शिकवूं लागले. हिंदुस्थानांत तारायंत्र आणणारे ते हेच. येथील लोक भांग व गांजा औषधांत वापरतात असें पाहून त्यांनीं त्याचा पद्धतशीर शोध आरंभिला. प्रथम त्यांनीं पंडितांना गांठलें. कमलाकांत विद्यालंकार आणि मधुसूदन गुप्त यांनीं संस्कृत ग्रंथांतील उल्लेख त्यांना काढून दिले. हे मधुसूदन गुप्त म्हणजे पूर्वीं संस्कृत कॉलेजांत आयुर्वेद शिकविणारे वैद्य. १८३६ मध्यें त्यांनीं मेडिकल कॉलेजांत स्वहस्तें शवच्छेदन केलें. जुनी विद्या व नवी विद्या या रस्त्यावर अशी एकमेकींस भेटली, हें पाहून आमच्यासारख्या संस्कृताच्या विद्यार्थ्यास विशेष आनंद झाला.

पुढें ओशॉनेसींनीं कुत्रीं, मांजरें, मासे, घोडे, शेळ्या यांवर प्रयोग केले, आणि नंतर माणसांकडे वळले. पहिले रोगी कोणते, तर सांधेदुखीचे! ६ नोव्हेंबर १८३८ रोजीं दुपारीं दोन वाजतां तीन रोग्यांना त्यांनीं या झाडाची राळ प्रत्येकीं एक ग्रेन, म्हणजे सुमारें अर्धी गुंज, दिली. चार वाजतां एक रोगी अतोनात बोलूं लागला, गाणीं म्हणूं लागला, जास्त अन्न मागूं लागला, आणि आपण ठणठणीत बरे झालों असें सांगूं लागला. रात्रीं आठ वाजतां तोच रोगी बेशुद्ध होऊन पडला. त्याचा हात उचलून जसा ठेवावा तसाच राही. घाबरून डॉक्टरांना बोलावणें धाडावें लागलें. पुढें तो शुद्धीवर आला. तिसऱ्या रोग्यावर कांहींच परिणाम दिसला नाहीं. चौकशी करतां तो गांजा ओढण्यास सरावलेला निघाला. ओशॉनेसींनीं हें सर्व, अनुकूल तसेंच प्रतिकूल, वेळेसह लिहून ठेवलें, आणि १८३९ मध्यें त्यांचा निबंध एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत छापला गेला. बहुतेकांच्या वेदना कमी झाल्या व सर्वांची भूक वाढली, असा त्यांचा अभिप्राय होता.

ही हकीकत वाचतांना आम्हांस भावप्रकाशांतील भंगेचें वर्णन आठवलें. तींत भंगा कफ हरण करणारी, पाचक, उष्ण व पित्तकर सांगितली असून ती मोह, मद, वाणी आणि अग्नि यांना वाढविते असें म्हटलें आहे. त्या पहिल्या रोग्याकडे पाहावें: बडबड ही वाणी, अन्नाची हांक हा अग्नि, गाणें हा मद, आणि रात्रींची ती अवस्था हा मोह. चारही गोष्टी जशाच्या तशा उतरल्या! परंतु त्या वर्णनांत सांध्यांचें नांव नाहीं, हेंही आमच्या नजरेतून सुटलें नाहीं.

त्या निबंधानें विलायतेंत या औषधाचा बोलबाला झाला. मात्र एका बाटलींतील अर्क तीव्र, तर दुसरींतील फुकट, अशी सदाची तक्रार राहिली. आणि १९४२ मध्यें अमेरिकेच्या अधिकृत औषधसूचींतून तें गळालें. त्यांतील मादक द्रव्य शुद्ध रूपांत इस्रायलमध्यें १९६४ साली वेगळें काढण्यांत आलें, तेव्हां कोठें मोजून मापून प्रयोग करणें सोपें झालें. आमवाताच्या ५८ रोग्यांवर इंग्लंडांत पांच आठवडे झालेल्या प्रयोगाचें फळ २००६ मध्यें प्रसिद्ध झालें. तोंडांत फवारण्याच्या अर्कानें हालचालीच्या व विश्रांतीच्या वेळची वेदना कांहींशी उणावली, झोप सुधारली. सकाळचा ताठरपणा मात्र कमी झालेला दिसला नाहीं. २०२२ मध्यें डेन्मार्कमधील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत हातांच्या सांध्यांच्या १३६ रोग्यांपैकीं कांहींना या झाडांतील मद न आणणारें द्रव्य, व कांहींना दिसायला तसेंच पण निर्गुण औषध, बारा आठवडे दिलें. दोन्ही गटांची वेदना सारखीच राहिली. त्याच वर्षीं अमेरिकेंत अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यावर लेप लावून १८ रोग्यांस गुण आला. परंतु अठरा हा आंकडा फारच लहान.

या माहितीहूनही मोलाची गोष्ट आम्हांस तेथील एका डॉक्टरांनीं सांगितली. त्यांनीं कुटुंबाचे हात दाबून पाहिले, रक्त तपासविलें, चित्रें घेतलीं. ते म्हणाले, "आजोबा, हातदुखी एक नसते. वयानें झिजलेल्या सांध्यांना नखांजवळ कठीण गांठी येतात, आणि सकाळचा ताठा अर्ध्या तासांत जातो. यांचें दुखणें तें नव्हे. येथें शरीराचें रक्षण करणारी शक्तिच सांध्याच्या अस्तरावर उलटली आहे. वेदना थांबली म्हणजे सांध्याची हानि थांबली असें नाहीं. पहिले महिने फुकट गेले तर वांकडीं झालेलीं बोटें पुन्हा सरळ होत नाहींत." बाटलीस ते हंसले नाहींत. त्यांनीं वरील मजकूर वाचला व सांगितलें कीं, जें औषध आपण देणार त्याचा भार यकृतावर पडतो, विजयेच्या तेलाचाही पडूं शकतो. शिवाय वृद्धांना झांपड येऊन पडण्याचें भय असतें. म्हणून जें कांहीं घ्यावयाचें तें डॉक्टरांपासून लपवून घेऊं नये.

त्यांनीं दिलेलें मेथोट्रेक्झेट आठवड्यांतून एकच दिवस घ्यावयाचें, आणि ठराविक दिवसांनीं रक्त तपासावयाचें, असा क्रम आतां सहा महिने चालू आहे. सकाळीं कोमट पाण्यांत हात बुडवून बोटांचे व्यायाम होतात. ताठा पाव तासावर आला आहे. वाती पुन्हां घरांत वळल्या जातात; मोदकांच्या कळ्यांना अद्याप अवकाश आहे. बाटली कपाटांत कुलुपाखालीं आहे, कारण घरांत लहान मुलें आहेत.

कुटुंबाच्या प्रश्नाचें उत्तर आतां आम्हांस देतां येतें. विजयेनें दुःखाचा कांहीं काळ विसर पडतो, कित्येकांना झोंपही लागते; ज्यांना दुसरा उपाय उरलेला नाहीं त्यांच्या दृष्टीनें हें थोडें नव्हे, आणि अशांची कोणी हेटाळणी करूं नये. परंतु तिनें बोटें वळतात असें कोणी दाखविलेलें नाहीं. तेव्हां ज्या घरीं कोणाचे हात सकाळीं दीर्घ काळ ताठत असतील व सांधे सुजत असतील, त्या घरच्या मंडळींनीं भांग ग्राह्य कीं त्याज्य या वादांत महिने न दवडतां प्रथम दुखण्याचें नांव निश्चित करून घ्यावें. आणि कलकत्त्यास जाणें झाल्यास कॉलेज स्ट्रीटला जरूर जावें. तेथें एका मनुष्यानें औषधाचा गुण आणि अवगुण एकाच पानावर लिहून ठेवला आहे.