नांव नसलेली सायकल

शर्यतीच्या सायकलीस ब्रेक नसतो, असें आम्हीं एकाद्यास सांगितलें म्हणजे तो आमच्याकडे मोठ्या करुणेनें पाहूं लागतो. पंचवीस वर्षें मुलांना शेक्सपिअर शिकविल्याचा परिणाम अखेर याच्या डोक्यावर झालाच, असें त्याच्या मनांत येत असावें. तथापि गोष्ट खरी आहे. सर्व शर्यतींची नव्हे. रस्त्यावरच्या शर्यतींना ब्रेकही लागतात आणि गिअरही. आम्ही बोलतों आहों तें बांधीव चक्राकार मार्गावरच्या शर्यतींविषयीं. हा मार्ग वळणांवर परातीच्या कांठासारखा उचललेला असतो, आणि त्यावर धांवणाऱ्या सायकलीस ब्रेक नाहीं, गिअर नाहीं, फ्रीव्हीलसुद्धां नाहीं. चाक फिरतें आहे तोंवर पाय फिरलेच पाहिजेत. वेग आवरावयाचा तर तो पायांनींच आवरावयाचा. सारेच स्वार असे बांधलेले असल्यामुळें कोणासच एकाएकीं थांबतां येत नाहीं, आणि म्हणूनच मागचा पुढच्यावर जाऊन आदळत नाहीं.

या सायकलींचा नाद आम्हांस लागला तो उतारवयांत. म्हणजे त्यांवर स्वतः बसण्याच्या मोहाचें भय उरत नाहीं अशा वयांत. अभ्यासाच्या निमित्तानें कांहीं महिने लंडनांत राहण्याचा योग आला होता. बिऱ्हाड दक्षिण भागांत, हर्न हिलच्या जवळ होतें. तेथील सायकल-मार्ग १८९१ सालचा. १९४८ च्या ऑलिंपिक स्पर्धांतील चक्राकार मार्गावरच्या शर्यती येथेंच झाल्या. इंग्लंडची सारी आशा रेग हॅरिसवर होती. पण अंतिम फेरींत इटलीच्या मारिओ गेल्लानें त्यास हरविलें, आणि जोडसायकलीच्या शर्यतींतही, अंधार पडत असतां, इटलीचीच जोडी पुढें गेली. हा इतिहास त्या मार्गाच्या कठड्याशीं उभे राहून ऐकतां ऐकतां आम्ही बिघडलों. परत येतांना आमच्या सामानांत पुस्तकें कमी होतीं आणि जुन्या सुट्या भागांच्या बाजारांत घेतलेला एक पोलादी सांगाडा होता. त्यावर हिरव्या रंगाचे निदान तीन थर होते. नांव कोठेंच नव्हतें.

नांव नसलेली वस्तु आणि शेवटचें पान गळालेली पोथी यांत फारसा फरक नाहीं. कर्ता कोण, काळ कोणता, लिहिणारा हात एक कीं दोन, हें सारें अंगावरच्या खुणांवरूनच ठरवावयाचें. प्रथम आम्हीं मागच्या चाकाच्या खांचा पाहिल्या. त्या मागच्या बाजूस उघड्या होत्या. म्हणजे चाक मागें ओढून साखळी ताणण्याची सोय. ही चक्राकार मार्गावरच्या सायकलीची पहिली खूण. पुढच्या चिमट्याचीं पातीं गोल निघालीं; रस्त्यावरच्या सायकलीचीं तीं बहुधा लंबगोल असतात. पायडलांचा आस जमिनीपासून नेहमींपेक्षां उंच होता, कारण कललेल्या वळणावर पायडल घासून चालत नाहीं. येथवर जात ठरली.

देश कोणता, हें आट्यांनीं सांगितलें. पायडलांचा आस ज्या आडव्या नळकांड्यांत बसतो, त्याच्या उजव्या बाजूचे आटे इंग्रजी सायकलींत उलटे असतात. फ्रेंच व इटालियन कारागीर मात्र दोन्ही बाजूंस सुलटेच आटे पाडीत. आमचे उलटे होते. सीटखालची नळी बाहेरून मोजली तों २८.६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर सव्वा इंचास अष्टमांश कमी. फ्रेंच नळी २८ ची असती. सीटची दांडी २७.२ ची. वजाबाकी केली तर नळीची भिंत पाऊण मिलिमीटरहूनही पातळ! इतक्या पातळ नळ्या कोण ओढीत असे, याचें उत्तर मग रंगाखालीं सांपडलें. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड मिलवर्ड रेनॉल्ड्स यानें टोकांशीं जाड आणि मध्यें पातळ अशा नळ्यांचें पेटंट १८९७ सालीं घेतलें. त्याच्याच कंपनीनें पुढें १९३५ सालीं मँगॅनीज व मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या '५३१' नांवाच्या नळ्या काढल्या. त्या आंकड्याचा एक फाटका तुकडा तिसऱ्या थराखालीं आम्हांस दिसला. तेव्हां सांगाडा १९३५ च्या अलीकडचा, हें निश्चित. सोबत मिळालेल्या पुढच्या दांतेरी चाकावर बी. एस. ए. कंपनीच्या तीन बंदुका होत्या, आणि त्याच्या दांतांतील अंतर अर्ध्या इंचाऐवजीं पूर्ण एक इंच होतें. जुन्या इंग्रज शर्यतवाल्यांची या जाड साखळीवर मोठी भक्ति होती.

कारागीर मात्र सांपडेना. त्या काळीं नळ्यांचे सांधे पोलादी 'लग' बसवून करीत. लग म्हणजे सांध्यावरचें टोपण. तें तापवून त्यांत पितळ पाझरूं द्यावयाचें. त्यापूर्वीं त्याच्या कडा कानशीनें झिजवून पातळ करीत, आणि ही कानस म्हणजे कारागिराचें हस्ताक्षर. कांहींचीं अक्षरें फारच नखरेल होतीं. टॉटनहॅमच्या हेचिन्सच्या सायकलींचे लग वेलबुट्टीप्रमाणें कोरलेले, आणि मागच्या नळ्या नागमोडी. दुरूनही ओळखूं याव्यात अशा. मौज अशी कीं, हायमन हेचिन हा मूळचा वाद्यांचा दुकानदार. कानस चालविणारा हात जॅक डेनी याचा. जगांत नांव राहिलें तें दुकानाचें. आमच्या सांगाड्याचे लग साधे आहेत, पण त्यांच्या कडा नखाला लागत नाहींत इतक्या सफाईनें उतरविलेल्या आहेत. असें साधें अक्षर काढणारे लंडनांत कितीतरी होते.

याच वेळीं जुन्या सायकलींचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थानें आम्हांस सल्ला दिला. जुन्या बहुतेक नांवांच्या रंगीत चिठ्ठ्या आजकाल नव्यानें छापून मिळतात. ज्यांच्या सायकलीवरचें नांव पुसट झालें आहे, त्यांच्यासाठीं ती सोय. एकादें वजनदार नांव लावून टाका, किंमत तिप्पट होईल, असें त्यांचें म्हणणें. आम्हीं मान हलविली, तेव्हां त्यांनीं आमच्यापुढें थेट एडी मर्क्सला उभें केलें! मर्क्सनें २५ ऑक्टोबर १९७२ रोजीं मेक्सिको शहरांत एका तासांत ४९.४३१ किलोमीटर अंतर तोडलें. ती सायकल इटलीच्या एर्नेस्तो कोल्नागोनें बांधली, आणि तिच्यावर नांव होतें विंडसर या मेक्सिकन कंपनीचें. मर्क्सला जें चाललें तें तुम्हांस कां चालूं नये?

प्रश्न बिनतोड होता खरा, आणि पैशाची निकड आम्हांसही नव्हती असें नाहीं. परंतु मर्क्सच्या सायकलीचा बाप कोण, हें साऱ्या जगास ठाऊक आहे. ती आज ब्रुसेल्सच्या भुयारी रेल्वेच्या एका स्थानकांत कांचेआड ठेविली आहे आणि तेथें कोणी फसत नाहीं. आमच्या सांगाड्यावर आज जी चिठ्ठी लागेल, तीच पन्नास वर्षांनीं पुरावा ठरेल. ज्यानें तो बांधला त्याचें उरलेंसुरलें हस्ताक्षरही मग दुसऱ्याच्या नांवावर जमा होईल. आम्हीं चिठ्ठी लावली नाहीं. जपानांत हा घोळ नाहीं. तेथें १९४८ पासून केइरिन नांवाच्या शर्यतींवर लोक पैसे लावतात. म्हणून सायकलीचा प्रत्येक भाग तपासून त्यावर मान्यतेचा शिक्का मारतात. जुगारानें इतिहासाची अशी सेवा केलेली आम्हांस दुसरी माहीत नाहीं.

जीर्णोद्धाराचें काम पुण्यास परतल्यावर काढलें. आमच्या पेठेंतील मिस्त्रीबुवा प्रथम हंसले. मग उलटे आटे पाहून गंभीर झाले. सीटची दांडी ॲल्युमिनिअमची. ती पोलादाशीं इतकी एकजीव झालेली कीं, अकरा दिवस तेल मुरवावें लागलें. "प्रोफेसरसाहेब, घाई केलीत तर नळी फाटेल," असें ते रोज बजावीत. दांडी निघाली त्या दिवशीं त्यांनीं स्वतःच्या पैशानें चहा मागविला.

रंगाविषयीं मात्र त्यांचें आमचें जमलें नाहीं. सर्व खरवडून भट्टींत नवा चकचकीत रंग द्यावा, असें त्यांचें मत. आम्हीं बारीक ओल्या कागदानें एकेक थर उतरवीत गेलों. वरच्या नळीवर, मूळच्या निळ्या रंगावर, कोणीं ब्रशनें काढलेलीं दोन अक्षरें निघालीं. बांधणाऱ्याचें नांव नाहीं तें नाहींच. हीं बहुधा बसणाराचीं आद्याक्षरें. चिमट्याच्या माथ्यावर ब्रेकसाठीं मागाहून पाडलेलें एक ओबडधोबड भोंकही होतें. जाणत्यांच्या मतें हें भोंक म्हणजे व्यंग. तें पितळेनें बुजवून टाकावें. आम्हांस तें प्रक्षिप्त श्लोकासारखें वाटलें. आमच्याच गांवीं भांडारकर संस्थेच्या पंडितांनीं महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. त्यांनीं प्रक्षिप्त भाग संहितेंतून काढला, पण जाळला नाहीं. तो तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेविला. शर्यतीचे दिवस संपल्यावर कोणीतरी ही सायकल कामावर नेऊं लागला असावा, आणि रस्त्यावर त्यास ब्रेक हवा होता. नळीवरचीं अक्षरें त्याचींच कीं काय, कोण जाणे.

भोंक आहे तसें ठेविलें आहे. निळा रंग जेथें उरला तेथें मेणानें पुसून घेतला. जेथें नाहीं, तेथें नुसतें तेल. मागच्या चाकासाठीं एक इंच अंतराच्या दांतांचें लहान चक्र अजून मिळालेलें नाहीं. त्यासाठीं इंग्लंडांत तीन ठिकाणीं पत्रें धाडलीं आहेत. तोंवर सांगाडा आमच्या अभ्यासिकेंत पुस्तकांच्या कपाटास टेकून उभा असतो, आणि घरांतून रोज एकदां विचारणा होते कीं, हें लोखंड येथून केव्हां हलणार आहे.