चार नंबरचं नोझल

आमच्या सोळा-तेरा ट्रकमध्ये सहा नोझलं होती. पाच कशी होती ते मला नीट आठवत नाही. घरात सरळ वागणाऱ्या भावंडांचं कुणाला काय आठवतं? चार नंबरचं मात्र पक्कं लक्षात आहे. ते टपकायचं.

दिसायला त्यात काहीच विशेष नव्हतं. वितीहून कमी लांबीचं पोलादी अंग, डोक्याकडे डिझेलच्या पाइपचा नट, वापरून उरलेलं डिझेल परत टाकीकडे नेणारी एक बारीक नळी आणि खाली तोंड. अंगाचा बराचसा भाग इंजिनच्या हेडमध्ये गाडलेला, त्यामुळे गाडीचा मालकसुद्धा वर्षानुवर्षं त्याचं तोंड बघत नाही. तोंडाला चार-पाच छिद्रं, प्रत्येक पाव मिलिमीटरच्या आसपास. उजेडात धरल्याशिवाय ती दिसतही नाहीत. पुस्तकी नाव इंजेक्टर. पण लाइनवर वरचं अंग, खालचं तोंड, आतली सुई असं सगळं मिळून ‘नोझल’ म्हणतात, आणि पुढचे निम्मे वाद या एका शब्दामुळेच होतात.

त्याचं खरं मन त्या सुईत. एक स्प्रिंग सुईला खाली दाबून धरते आणि तोंड बंद राहतं. पंपाने डिझेल रेटलं, दाब दोनशे बारच्या पुढे गेला, की सुई केसभर उचलली जाते, फवारा सुटतो, दाब उतरतो, सुई परत खाली. ट्रकच्या टायरमध्ये सात-आठ बार हवा असते, यावरून दोनशेचा अंदाज यावा. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर हे उघडझाप प्रकरण मिनिटाला हजार वेळा चालतं, तासाला साठ हजार वेळा. सपाट रस्त्यावर एका फवाऱ्यात जाणारं डिझेल एका थेंबाहूनही कमी असतं. त्या अर्ध्यामुर्ध्या थेंबाची चार-पाच छिद्रांत वाटणी करून त्याचं धुकं करायचं, आणि वेळ झाली की तोंड एकदम मिटायचं. उघडणं सोपं आहे, ते पंप करून देतो. मिटणं मात्र नोझलचं स्वतःचं. आमच्या चार नंबरला तेच जमेनासं झालं होतं.

रुडॉल्फ डिझेलच्या 1897 सालच्या इंजिनात ही सोय नव्हती. तिथे इंधन आत फुंकायला दाबलेली हवा लागे, आणि त्या हवेसाठी आणखी एक कॉम्प्रेसर. असलं धूड ट्रकच्या बॉनेटखाली कुठे मावणार? 1927 मध्ये बॉशने डिझेलचे पंप कारखान्यात घाऊक बनवायला घेतले, तेव्हा कुठे हे इंजिन सर्रास रस्त्यावर उतरण्याजोगं झालं. आम्हा नाशिककरांना हा इतिहास वेगळ्या नावाने ठाऊक आहे. बॉशची इथली कंपनी म्हणजे मायको. 2008 मध्ये तिचं नाव बदलून बॉश झालं, तरी मायको सर्कल मायको सर्कलच राहिलं. सातपूरच्या त्या कारखान्यात नोझलं आणि इंजेक्टर बनायचे. माझे एक मामा तिथे होते. सुई आणि तिचं घर यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची असते, माणसाचा केस त्याच्या वीस-पंचवीस पट जाड, हे मी त्यांच्याकडून शाळेत असताना ऐकलं आणि थाप समजून सोडून दिलं.

आमची गाडी लासलगावचा कांदा वाशीला न्यायची. जाताना कसारा घाट उताराचा, त्यामुळे भरली गाडीही बिनबोभाट जाई. परतीला कळंबोलीहून लोखंड भरलं की मग तिची कळा कळायची. घाटात मागे काळा पडदा सुटायचा, इतका की मागचे मोटारवाले काचा वर घेऊन आम्हाला शिव्या देत असणार हे आरशात बघूनच कळे. थंडीच्या सकाळी दारात चालू केली की पांढरा धूर, डोळ्यांत झोंबणारा. रिकाम्या रेसवर गाडी लंगडायची. लिटरला साडेचार देणारी पावणेचारवर आली, तेव्हा आप्पांनी टोलच्या पावतीमागे हिशेब मांडला: महिन्याला सहा हजार किलोमीटर धरले तर अडीचशे लिटरहून जास्त डिझेल नुसतं हवेत. सगळा दोष नोझलचा नव्हता, एअर फिल्टरही बुजला होता. पण फिल्टर बदलूनही लंगडणं गेलं नाही.

दोषी कोण हे शोधायची जुनी रीत मला फार आवडते. इंजिन चालू ठेवायचं, सतरा नंबरचा पाना घ्यायचा आणि एकेका नोझलच्या पाइपचा नट जरासा ढिला करायचा. त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं, इंजिनचा आवाज पडतो. म्हणजे तो कामाचा आहे. नट आवळायचा, पुढे जायचं. एक, दोन, तीन, प्रत्येक वेळी गाडी कण्हली. चारचा नट ढिला केला आणि गाडीला पत्ताच नाही. कामावर न आल्याचं कुणाच्या लक्षातही येऊ नये, असा तो कामगार.

मग सल्ले सुरू झाले. गॅरेजवाला म्हणाला, सगळी बदला, जुन्या गाडीत जीव कशाला घालता. धाब्यावरचा एक ड्रायव्हर म्हणाला, टाकीत साफ करायची बाटली ओता, आपोआप सुटेल. या बाटल्यांवर माझा राग नाही. मऊ मळ बसलेला असेल तर थोडाफार निघतोही. पण झिजलेलं पोलाद बाटलीतून परत येत नाही, आणि बाटलीवर तसं कुणी छापत नाही. आप्पांनी दोघांचंही ऐकून घेतलं, सहाही नोझलं उतरवली, पाइपांची तोंडं चिंध्यांनी बांधली आणि आग्रा रोडवर पंप-नोझलवाल्या चाचांकडे गेले.

चाचांचं दुकान एवढंसं, पण टेबल ऑपरेशन थिएटरसारखं. सहा नोझलांना सहा वेगळ्या वाट्या. एकाची सुई दुसऱ्याच्या घरात घालायची नाही, कारण ती दोघं कारखान्यात एकमेकांना घासूनच जुळवलेली असतात. “शेठ, यांचा घटस्फोट होत नाही,” ते म्हणाले. “गेले तर दोघं जातात.” तोंडावरचा कार्बन त्यांनी पितळी ब्रशने काढला. छिद्रांत मापाची बारीक तार फिरवली. मी शेजारी पडलेला पॉलिश पेपर उचलून मदत करायला गेलो, तर त्यांनी माझा हातच धरला. मग सुई डिझेलमध्ये बुडवून घरात घातली, एक तृतीयांश बाहेर ओढली, नोझल तिरपं धरलं आणि सुई सोडली. ती सावकाश, अडखळल्याशिवाय, स्वतःच्या वजनाने आत उतरली. मामांची थाप मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसली. पाच सुया अशा उतरल्या. चार नंबरची मध्येच थांबली, पुन्हा धुतल्यावर उतरली. आप्पांचा चेहरा उजळला. चाचा काही बोलले नाहीत.

मग टेस्टर. हाताने दाबायचा लिव्हर, वर दाबाचं घड्याळ, खाली काचेचं भांडं. “समोर हात नको. फवारा कातडीतून आत जातो, बाहेरून टोचल्याएवढं दिसतं आणि बोट कापायची पाळी येते,” असं म्हणत त्यांनी पहिलं नोझल बसवलं आणि लिव्हर दाबला. घड्याळाचा काटा चढला आणि नोझल बोललं. हो, बोलतं. किर्र असा एक कोरडा, तुटक आवाज येतो. सुई क्षणात अनेकदा उघडून मिटते त्याचा तो आवाज. चाचा घड्याळापेक्षा त्या आवाजाकडे जास्त लक्ष देत होते. दुसऱ्याची एक धार वाकडी होती, धुक्याऐवजी काडीसारखी. छिद्र झिजलेलं. तिसरं, पाचवं, सहावं बोलली, पण स्प्रिंगा थकल्यामुळे ठरलेल्या आकड्याच्या आधीच सुटत होती. तिथे बारीक चकती घालून दाब चढवता येतो.

चार नंबर शेवटी. किर्र नाही, नुसतं फस्स. चाचांनी तोंड पुसलं, दाब सुटण्याच्या आकड्याहून वीसेक बार खाली आणला आणि तिथेच धरून ठेवला. दहापर्यंत मोजायचं, तोवर तोंड कोरडं राहिलं पाहिजे. चारपर्यंत मोजलं असेल, टोकाला एक मणी फुगला, थरथरला आणि पडला.

एवढासा मणी काय करतो? फवाऱ्याची वेळ टळून गेल्यावर तो पडतो. धुकं नाही, हवेत मिसळणं नाही, अर्धवट जळून काजळी होते. पिस्टनच्या माथ्यावर एकाच जागी आग धरली तर तिथे भोक पडू शकतं. न जळलेलं राहिलं तर लायनरवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं, आणि एक दिवस ऑइलची कांडी बघताना लेव्हल वाढलेली दिसते. ऑइल वाढलं म्हणून खूश होणारा मालक मी पाहिला आहे. नाव सांगत नाही, तो आमच्याच घरातला आहे.

“साफ करून चालवता येईल का?” आप्पांनी विचारलं.

“मळ होता तो गेला, शेठ. ही सीट गेली. सुई जिथे टेकते ती जागाच ठोकून ठोकून बसली.” चाचांनी नोझल पुसलं. “गाडी किती दिवस ठेवायची ते आधी सांगा.”

गॅरेजवाल्याने किंवा बाटलीवाल्याने हा प्रश्न विचारलाच नव्हता. आप्पा बराच वेळ गप्प राहिले. सहा महिन्यांत विकायची असती तर दोन नोझलं नवी, तिघांना चकत्या, आणि राम राम. पण निदान तीन कांद्यांचे हंगाम काढायचे होते. शिवाय नवं-जुनं एकत्र असलं की सहाजणांचं बळ सारखं राहत नाही, चाल खडबडीत होते. आणि इथेच त्या ‘नोझल’ शब्दाचा गुंता सुटला. गॅरेजवाला ‘बदला’ म्हणाला तेव्हा आप्पांच्या डोळ्यांसमोर सहा अख्खे इंजेक्टर उभे राहिले होते. चाचांनी वरची अंगं तशीच ठेवली, धुतली, फक्त सुई-घराच्या सहा जोड्या नव्या घातल्या, दोन स्प्रिंगा बदलल्या, सहाही एका आकड्यावर लावली. तांब्याचे वाशर नवे. तिथे काटकसर करून जुना वाशर घालणारे पुढे धूर, आवाज आणि अडकलेलं नोझल यांत त्याचे पैसे फेडतात.

चुलतभावाची नवी गाडी 2021 ची, बीएस-सहा. तिच्या इंजेक्टरशी माझी ओळख झाली नाही, आणि होईलसं वाटत नाही. तिथे दाब सोळाशे बारच्याही पुढे, सुई कधी उचलायची ते वायरीतून येणारा हुकूम ठरवतो, प्रत्येकाच्या अंगावर स्वतःचा कोड, आणि तो कॉम्प्युटरला सांगितल्याशिवाय बऱ्याच गाड्या त्याला ओळखतच नाहीत. एका नगाची किंमत पाच आकडी. भावाकडून एकदा पाणीमिश्रित डिझेल भरलं गेलं, तेव्हा साफ की बदली हा वाद लॅपटॉपवर पाच मिनिटांत मिटला. भाऊ नंतर महिनाभर मिटला नव्हता. चाचांचा लिव्हर तिथे पोहोचत नाही. तिथे फिल्टरच्या तळाचं पाणी वेळच्या वेळी सोडणं हीच काय ती मालकाच्या हातातली दुरुस्ती.

चाचांकडची नोझलं परत बसवल्यावर आमच्या गाडीच्या डिझेल पाइपांतली हवा काढायला त्या संध्याकाळी अर्धा तास गेला. नट ढिले, हातपंप, फेस, मग फेस सरून सलग धार. स्टार्टर मारल्यावर ती थोडी खोकली, पांढरं काहीतरी बाहेर टाकलं आणि सरळ चालायला लागली. तिने तीनऐवजी चार हंगाम काढले.

जुन्या जोड्या चाचांनी परत दिल्या होत्या. पाच कुठे गेल्या माहीत नाही. चार नंबरची मी ऑइल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून खणात टाकली होती. परवा खण आवरताना हाती लागली, तर कागदाच्या तिन्ही घड्या पार करून रुपयाएवढा डाग खणाच्या लाकडावर उतरलेला. आप्पांना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

“सवय आहे त्याची,” म्हणाले, आणि पेपर वाचायला लागले.