जुन्या कोंबड्या, नव्या तलंगा

घरामागे चार कोंबड्या पाळणे हा आपल्या वस्त्यांत काही नवा प्रकार नाही. आमच्या आजीच्या काळीही अंगणात डालगे असायचेच. पण त्या काळी पिल्ले विकत आणावी लागत नसत. कोंबडी खुडूक बसे, एकवीस दिवसांनी पिल्ले निघत आणि आईच त्यांना घेऊन कळपात फिरे. एखादी दांडगी कोंबडी पिल्लावर चोच उगारून आली, की आई पंख फुगवून तिच्या अंगावर धावून जाई. पिल्ले कळपातच लहानाची मोठी होत.

आता दिवस बदलले आहेत. गिरिराज, वनराज अशा जातींच्या दीड-दोन महिन्यांच्या तलंगा टोपलीत घालून विकायला येतात. बचत गटाच्या भगिनी कर्ज काढून त्या घेतात. या तलंगांना आई नसते. त्या एकदम जुन्या कोंबड्यांत पडतात आणि मग जे होते ते पाहवत नाही.

आमच्या वस्तीतील एका मावशींचे उदाहरण सांगतो. मावशी पहाटे पाचला धुण्याभांड्याच्या कामावर निघतात. घरात मुलगी नाही, जावई नाही, फक्त बारावीला असलेली नात. पाच जुन्या कोंबड्यांच्या अंड्यांवर नातीच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघत असे. शिकवणीची फी निघावी म्हणून मावशींनी गेल्या मे महिन्यात गटाकडून हजार रुपये उचलले आणि सव्वाशेला एक याप्रमाणे आठ तलंगा घेतल्या. विकणाऱ्याने सांगितले, "रात्री खुराड्यात सोडा, सकाळपर्यंत ओळख होते." मावशींनी तसेच केले. पत्र्याचे खुराडे, पाच कोंबड्यांनाच जेमतेम पुरणारे. पहाटे मावशी कामावर गेल्या, नात रात्री अभ्यासाला जागलेली. खुराडे उघडायला नऊ वाजले.

मावशींचा निरोप आला म्हणून आम्ही गेलो. एक तलंग कोपऱ्यात मरून पडली होती. दुसरीच्या डोक्याची कातडी तुऱ्यापासून मानेपर्यंत सोलली गेली होती. तिसरीचा डोळा सुजून बंद झाला होता. एकीच्या शेपटाखाली टोचून टोचून मोठी जखम झाली होती. तीही संध्याकाळपर्यंत गेली. मावशी ओट्यावर बसून म्हणाल्या, "भाऊ, ज्यांना मी माझ्या हातानं दाणे घातले त्यांनीच असं करावं? उद्याच्या बाजारात या पाचही विकून टाकते."

त्या पाच विकल्या असत्या तर घरात येणारी अंडी त्याच दिवशी बंद झाली असती. नव्या तलंगांना अंड्यावर यायला अजून चार महिने होते. आम्ही वाणिज्य शाखेचे, हिशेब मांडण्याची आमची खोड जात नाही. अशी एक कोंबडी वर्षाला सव्वाशे-दीडशे अंडी देते आणि आमच्याकडे अंडे दहा रुपयांना सहज जाते. म्हणजे मेलेल्या दोन तलंगांबरोबर अडीचशे रुपये गेले असे नव्हे, तर वर्षाचे अडीच-तीन हजार गेले. उरलेल्या सहा वाचवणे आणि जुन्या पाच टिकवणे ही दोन्ही कामे करायची होती.

कोंबड्या अशा का वागतात? त्या दुष्ट असतात म्हणून नव्हे. प्रत्येक कळपात कोण कोणाला टोचणार याचा क्रम ठरलेला असतो. नॉर्वेचे थोर्लीफ शेल्डेरुप-एब्बे यांना लहानपणापासून कोंबड्या न्याहाळण्याचा नाद होता. 1920 च्या दशकात त्यांनी हा क्रम शास्त्रीय पद्धतीने मांडला. वरची खालचीला टोचते, खालची सरकून वाट देते आणि दाण्यावरचे भांडण तिथेच मिटते. क्रम बसलेला असेल तर कळपात शांतता असते. नवी कोंबडी आली की तो पुन्हा बसवावा लागतो. बरोबरीच्या वयाच्या कोंबड्या असतील तर दोन-चार झटापटीत काम होते. अंगाने निम्मी असलेली तलंग लढू शकत नाही. तिला पळायचे असते. मोकळ्या अंगणात ती पळते आणि वाचते. बंद खुराड्यात पळणार कुठे? त्यात एकदा रक्त दिसले की बाकीच्याही त्या लाल ठिपक्यावर चोच मारू लागतात. मग ते भांडण राहत नाही, चाळा होतो. दाटी, उकाडा, आहारातील प्रथिनांची किंवा मिठाची कमतरता यांनी तो अधिक वाढतो. मावशींच्या घरी मे महिना आणि पत्रा ही दोन्ही कारणे हजर होती.

ही हकीकत आम्ही कचेरीत सांगितली तेव्हा एक सहकारी हसून म्हणाले, "बघा साहेब, उच्चनीचता निसर्गातच आहे!" असे बोलणारे ठिकठिकाणी भेटतात, म्हणून दोन शब्द लिहितो. कोंबडीचा क्रम जन्माने ठरत नाही. प्रत्येक कोंबडीला आपली जागा स्वतः मिळवावी लागते आणि ती बदलतेही. वरच्या नंबरची कोंबडी दोन-तीन आठवडे बाहेर ठेवा. परत आल्यावर कळप तिला परकीच समजतो, तिला सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. माणसाने केलेल्या उतरंडीत अशी सोय कधी होती, हे आम्ही त्या सहकाऱ्यांना विचारले. ते चहा संपवून उठले. असो.

प्रथम जखमांचे काय केले ते सांगतो. जखमी तलंगा ताबडतोब वेगळ्या काढल्या. कोमट पाण्यात थोडे मीठ टाकून जखम धुतली, स्वच्छ फडक्याने टिपली, खोबरेल तेलात हळद कालवून लावली. नंतर जनावरांच्या दवाखान्यातून जांभळे औषध आणले. त्याचा आणखी एक फायदा असा, की लाल रंग झाकला जातो आणि इतर कोंबड्यांचे लक्ष जात नाही. उन्हाळ्यात जखमेवर माशी बसली की अळ्या पडतात, म्हणून टोपलीवर जुनी मच्छरदाणी टाकली. डोळ्याची जखम मात्र घरगुती उपायांवर ठेवली नाही. मावशींची नात त्या तलंगेला पिशवीत घालून दवाखान्यात घेऊन गेली आणि डॉक्टरांनी दिलेले थेंब सात दिवस न चुकता घातले. डोळा वाचला नाही, तलंग वाचली. डोके सोललेली पाहून तर शेजारीपाजारी म्हणत होते, हिला कापून मोकळे व्हा. पण पक्ष्याची कातडी आश्चर्य वाटावे इतकी लवकर भरून येते. महिन्याभरात तिच्या डोक्यावर नवी पिसे फुटली.

काही जण सल्ला देतात की जुन्या कोंबड्यांच्या चोची छाटा. मोठ्या फार्मवर यंत्राने चोच छाटतात हे खरे, पण चोचीत मज्जातंतू असतात. घरी ब्लेडने किंवा तापलेल्या विळ्याने तो प्रकार कोणीही करू नये. जागा आणि वेळ दिला तर त्याची गरजच पडत नाही.

मावशींच्या अंगणात आमच्या पत्नीने आणि नातीने मिळून बारीक छिद्रांची तारेची जाळी उभी केली. अलीकडे तलंगा, पलीकडे जुन्या. एकमेकींना दिसतील, पण चोच पोचणार नाही. खरे तर विकत आणलेला पक्षी पहिले दोन-तीन आठवडे पूर्ण वेगळा, लांब ठेवायला हवा, कारण मानमोडीसारखा रोग बाहेरून येतो आणि जुना कळपही घेऊन जातो. लसही विचारून टोचून घ्यावी. त्यानंतर जाळीआड दोन आठवडे. मावशींच्या तलंगा लहान होत्या म्हणून आम्ही घाई केली नाही, त्या अंगाने भरेपर्यंत, म्हणजे साडेतीन महिन्यांच्या होईपर्यंत जाळी ठेवली.

मिसळण्याचा दिवस रविवारचा निवडला, कारण मावशींना सुटी होती. सकाळी मोकळ्या अंगणात सर्वांना सोडले. एकेक नव्हे, सहाही तलंगा एकदम, म्हणजे साऱ्या टोची एकीवरच पडत नाहीत. दाणे तीन ठिकाणी, पाणी दोन ठिकाणी. जुना दरवाजा भिंतीला तिरपा टेकवून ठेवला, त्यामागे शिरायला जागा झाली. कोबीचा गड्डा दोरीने टांगला, चोचींना काम मिळाले. पाचांत एक तांबडी फारच दांडगी होती. तिला चार दिवस आमच्याकडे नेऊन ठेवले. परत आली तेव्हा तिचा तोरा निम्मा उतरला होता. पहिल्या दिवशी टोचाटोची झालीच. थोडीफार होणार, तेवढ्यावरून धावून जाऊ नये. रक्त दिसले किंवा एखादी तलंग खाणेपिणे सोडून कोपऱ्यात बसली तरच तिला बाहेर काढावे. रात्री झोपायला दोन आडवे बांबू बांधले, आणि पहिले पंधरा दिवस मावशी पाचला निघतानाच खुराड्याचे दार उघडून जात. त्या वेळी नात अंगणात बसून अभ्यास करी.

खाण्याची एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम पुष्कळ असते, ते तलंगांना मानवत नाही, मूत्रपिंडावर ताण येतो. कळप एकत्र झाल्यावर वेगवेगळे खाऊ घालणे शक्य नसते. म्हणून सर्वांना वाढीचे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. अंडी देणारी कोंबडी आपल्या गरजेपुरता तो खाते, तलंगा त्याच्या फारशा वाटेला जात नाहीत.

एकडोळी तलंग सर्वांत शेवटी अंड्यावर आली. दाण्यांचे एक भांडे नात तिच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूने ठेवते. गटाच्या हजारांपैकी सातशे फिटले आहेत. जाळी सध्या पलीकडच्या गल्लीत एका भगिनीकडे गेली आहे, तिने दहा तलंगा घेतल्या आहेत. त्यानंतर आणखी दोघींनी मागणी नोंदवली आहे, तेव्हा दुसरी जाळी घ्यावी असे गटाच्या पुढच्या बैठकीत आम्ही मांडणार आहोत.