धावदोरा

धावण्याचा छंद हा मुळात रिकाम्या हातांचा छंद आहे. त्याला ना बॅट लागते, ना जाळी, ना प्रतिस्पर्धी. तरीही दोन-चार वर्षे नेमाने शर्यतींत भाग घेणाऱ्या कोणत्याही गृहस्थाच्या घरी जाऊन पाहावे. कपाटाचा निदान एक कप्पा ह्या छंदाने बळकावलेला असतो. शर्यत पूर्ण केल्याबद्दल गळ्यात पडलेली पदके, पोटावर टाचलेले न फाटणाऱ्या कागदाचे क्रमांक (ज्यांना सारेच 'बिब' म्हणतात), आयोजकांनी दिलेले टी-शर्ट, आणि ह्या सगळ्यांच्या तळाशी गंजू लागलेल्या सेफ्टी पिना. पहिले पदक दिवाणखान्यात लागते, पाचवे झोपायच्या खोलीत, आणि पंधरावे पिशवीत.

ह्या वस्तूंची एक मोठी अडचण अशी, की त्या सर्वांना सारख्याच मिळतात. पहिल्या क्रमांकाची ढाल एकच असते. शर्यत पुरी करणाऱ्याचे पदक मात्र हजारोंच्या संख्येने, बहुधा जस्ताच्या मिश्रधातूत, एकाच साच्यातून ओतलेले असते. ते आपल्याबद्दल काहीच सांगत नाही. आपण अडीच तासांत आलो की चार तासांत, पायात गोळे आले होते की नव्हते, घरी कोणी आजारी होते का, ह्यांपैकी कशाचीही नोंद त्याच्यावर नसते. मग स्मृतिचिन्ह म्हणजे नेमके काय? ते स्मृती साठवते, की केवळ स्मृती आहे अशी खूण करते?

साहित्याच्या अभ्यासकाला येथे शाकुंतलाची आठवण होणे अपरिहार्य आहे. 'अभिज्ञान' म्हणजे ओळख पटविणारी खूण. पण नाटकात ती अंगठी कोळ्याच्या हाती लागते तेव्हा ती एक विकाऊ जिन्नस असते, आणि राजाच्या शिपायांना ती चोरीचा पुरावा वाटते. दुष्यन्ताच्या दृष्टीस पडेपर्यंत ती कशाचीच आठवण नसते. खूण वस्तूत राहत नाही. ती ओळखणारा समोर असावा लागतो. आमच्या मते छंदाच्या स्मरणवस्तूंविषयी जे काही म्हणण्यासारखे आहे, त्याची सुरुवात येथून करावी.

योगायोग असा, की आधुनिक मॅरेथॉनचे पहिले स्मृतिचिन्ह एका भाषाशास्त्रज्ञाने दिलेले आहे. मिशेल ब्रेआल हे फ्रेंच पंडित; बॉप ह्यांच्या तौलनिक व्याकरणाचे फ्रेंच भाषांतरकार. शब्दार्थाच्या अभ्यासाला आज आपण ज्या नावाने ओळखतो ते 'सिमँटिक्स' हे नाव मूळ फ्रेंच रूपात त्यांनीच १८८३ साली वापरात आणले. १८९४ साली ऑलिंपिकच्या पुनरुज्जीवनाची बोलणी चालू असताना मॅरेथॉन ते अथेन्स अशी लांब पल्ल्याची शर्यत ठेवावी, ही सूचना त्यांची, आणि विजेत्यासाठी चांदीचा पेलाही त्यांचाच. १८९६ साली तो पेला मारूसी गावच्या स्पिरिडॉन लुईसने जिंकला. पाणी वाहून नेण्याचा धंदा करणारा हा तरुण सुमारे चाळीस किलोमीटर अंतर तीन तासांच्या आत धावला.

पेल्याची उंची जेमतेम वीतभर. तो शंभरांहून अधिक वर्षे लुईसच्या कुटुंबाकडेच राहिला. २०१२ साली त्याच्या नातवाने तो लंडनच्या लिलावात विकला. ५,४१,२५० पौंड किंमत आली, आणि घेणाऱ्या ग्रीक प्रतिष्ठानाने तो अथेन्समध्ये लोकांना पाहता येईल असा ठेवला. म्हणजे ह्या एका पेल्याला किती अर्थ झाले पाहा: आधी बक्षीस, मग घराण्याची ठेव, मग पुढच्या पिढीची बेगमी, आणि आता एका राष्ट्राची सार्वजनिक आठवण. शब्दाला अनेक अर्थ असण्याच्या धर्माला 'पॉलिसेमी' हे नाव देणारेही ब्रेआलच. शब्द स्वतःहून जगत वा मरत नाहीत, बोलणारी माणसे त्यांना वापरतात आणि वापरता वापरता अर्थ पालटतात, हे त्यांचे म्हणणे त्यांच्याच पेल्याने असे खरे करून दाखविले.

हे सारे आम्हांला पुस्तकी वाटले असते. पण २०१९ च्या डिसेंबरात आमच्या धावणाऱ्या मंडळींतले सर्वांत ज्येष्ठ सहकारी अल्पशा आजाराने गेले, आणि दोन-अडीच महिन्यांनी वहिनींनी एक कापडी पिशवी आमच्यापुढे ठेवली. "ह्याचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. मला टाकवत नाही, आणि बघवतही नाही," एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही चार-पाच जण एकाच महाविद्यालयात शिकविणारे. सरांच्या मागोमाग टेकडीवर जाऊन धावायला शिकलेलो. पिशवीत २००६ पासूनची सरांची सगळी मिळकत होती: अठरा पदके, तितकेच बिब, आणि टी-शर्टांचा एक गठ्ठा. मुंबईची जानेवारीतली शर्यत, साताऱ्याचा यवतेश्वर घाट, आणि अशाच काही.

टी-शर्टांचा प्रश्न सोपा वाटला. आपल्याकडे जुन्या कपड्यांची गोधडी होते; माणूस गेल्यावर त्याच्या कपड्यांची उबेसाठी गोधडी करून घेण्यात कोणाला वावगे वाटत नाही. सरांच्या मुलीची इच्छा अशी, की प्रत्येक शर्यतीचे नाव वर दिसेल असे छातीवरचे तुकडे जोडावेत. गोधडी शिवणाऱ्या मावशींनी मात्र गठ्ठा उलगडून मान हलविली. "हे कापड पाणी पीत नाही, ताई. सुई घसरती. आणि ह्या छापलेल्या अक्षरांतनं तर जातच न्हाई, चिकटती." त्यांचे म्हणणे आम्ही हाताने करून पाहिले. ते अक्षरशः खरे होते. पॉलिएस्टर घाम शोषत नाही म्हणूनच ते धावणाऱ्याला सोयीचे. पण गोधडीला तोच त्याचा दोष. अक्षरे तर रबरासारखी जाड.

शेवटी मावशींनी स्वतःच तोड काढली. आत वहिनींच्या सुती साड्यांचे थर, आणि वर टी-शर्टांच्या केवळ पाठी, ज्यांवर फारसे काही छापलेले नव्हते. नावे, साल, प्रायोजकांची बोधचिन्हे सगळी गळाली. उरले फक्त रंग: पिवळा, निळा, एक भडक नारिंगी. मुलगी प्रथम हिरमुसली. वहिनी मात्र तयार गोधडीवरून हात फिरवीत कोणता रंग कोणत्या वर्षाचा ते सांगू लागल्या. नारिंगीच्या वर्षी सर परतले तेव्हा दूध उतू गेले होते, हेही. नावे गळाल्यावर त्या वस्तू बोलू लागल्या, ह्याची आम्ही तेव्हा नोंद घेतली.

मावशी जो टाका घालतात त्याला 'धावदोरा' म्हणतात. काठाकडून सुरुवात करून चौकोनात चौकोन करीत मध्याकडे जायचे. दोरा थोडा वर दिसतो, तितकाच खाली लपतो, आणि पुन्हा वर येतो. आधी थर सरकू नयेत म्हणून कच्चे टाके, मग हा. धावण्याचा आणि ह्या शब्दाचा संबंध आमच्या भाषेने आधीच जोडून ठेवला होता. आम्ही नव्याने काही सुचविले नाही. मात्र इतकी वर्षे धावताना आम्ही दोऱ्याचा वर दिसणारा भागच तेवढा मोजीत आलो होतो: वेळ, अंतर, क्रमांक.

पदकांचा प्रश्न अधिक अवघड निघाला. अमेरिकेत २००५ साली एका शल्यचिकित्सकाने सुरू केलेली 'मेडल्स फॉर मेटल' नावाची संस्था धावपटूंची पदके गोळा करून आजाराशी झगडणाऱ्या मुलांना व मोठ्यांना देते. आपणही तसेच करावे, असे आमच्यातील एकाने सुचविले. कल्पना उदार आहे, आणि ती पदके मिळाल्यावर मुलांना होणारा आनंद खोटा म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण सूझन सॉन्टॅग ह्यांचे १९७८ सालचे 'इलनेस अॅज मेटाफर' वर्षानुवर्षे वर्गात शिकविलेल्या मंडळींना हे पचणे कठीण होते. आजाराला युद्ध म्हटले की रोगी नकळत शूर किंवा भेकड ठरतो, हा त्यांचा इशारा. आजाराला शर्यत म्हटले तर जे रेषेपर्यंत पोहोचणार नाही त्या मुलाच्या गळ्यात आपण काय घालीत आहोत? सर स्वतः दवाखान्यात होते तेव्हा 'हीही एक मॅरेथॉनच' असे भेटायला आलेल्या कोणीतरी म्हटले होते. सर भिंतीकडे पाहत राहिले होते. ते आम्ही पाहिले होते.

तेव्हा आमच्यापुढे आले ते एमिल झाटोपेक ह्यांचे उदाहरण. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन ही तिन्ही सुवर्णपदके जिंकणारा हा चेक धावपटू. पुढे ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कने अनेक जागतिक विक्रम केले, पण ऑलिंपिकचे सुवर्ण त्याच्या वाट्याला कधी आले नाही; १९६४ साली टोकियोत त्याला कांस्यावर समाधान मानावे लागले. १९६६ साली तो प्रागला गेला असताना निघतेवेळी झाटोपेकने त्याच्या हाती एक लहानसे पुडके दिले. क्लार्कने नंतर उघडले, तर आत दहा हजार मीटरचे हेलसिंकीचे सुवर्णपदक. ह्या दानात दया नाही. देणाऱ्याला त्या अंतराची प्रत्येक फेरी ठाऊक होती, आणि घेणाऱ्यालाही. शाकुंतलाच्या भाषेत बोलायचे तर खूण ती ओळखणाऱ्याच्या हाती गेली.

मुलीने तोडगा काढला तो ह्याच वाटेवरचा. ज्या शर्यतीत आमच्यापैकी जो सरांबरोबर धावला होता, त्याने त्या शर्यतीचे सरांचे पदक न्यावे. यात एक विनोद आहे, तो ध्यानात आला असेलच: तेच पदक आमच्या घरी आधीपासून होते. आज आमच्यापैकी प्रत्येकाकडे एकेका शर्यतीची दोन पदके आहेत, तंतोतंत सारखी, वजनालाही सारखी. एकमेकांत मिसळली तर ओळखता यायची नाहीत, म्हणून आमच्यापैकी एकाने सरांच्या पदकाच्या फितीला गाठ मारून ठेवली आहे. खुणेसाठी खूण. एका साच्यातून निघालेल्या दोन वस्तूंत जो फरक धातूत सापडत नाही, तोच अर्थ. ब्रेआल ह्यांना हे उदाहरण आवडले असते असे वाटते. ज्या शर्यतींत आमच्यापैकी कोणी नव्हते ती पाच पदके वहिनींकडे राहिली.

उरले बिब. न फाटणारा तो कागद गोधडीत कुरकुरतो आणि चुलीत घालवत नाही. समोर मोठा क्रमांक आणि प्रायोजकाचे नाव. ते कोणी वाचावे म्हणून नसते. मोजणी करणाऱ्यांच्या सोयीसाठी असते. पण बिबाला मागची बाजू असते, आणि तिच्यावर काही रकाने छापलेले असतात: नाव, रक्तगट, औषधांची अॅलर्जी, आणि 'तातडीच्या प्रसंगी कोणाला कळवावे'. बहुतेक धावपटू ते कोरे सोडतात. सरांनी एकही सोडला नव्हता. अठराही बिबांच्या पाठीवर निळ्या बॉलपेनने, त्यांच्या त्या टपोऱ्या अक्षरात, वहिनींचे नाव होते. आधीच्या वर्षांत घरचा आठ आकडी दूरध्वनी, मग दहा आकडी मोबाइल. एकाच वर्षी नाव तेच, पण क्रमांक परगावचा.

"तेव्हा मी आईकडे होते, तिच्या शेवटच्या दिवसांत," वहिनी म्हणाल्या. त्या बराच वेळ एकेक बिब उलटवीत बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "आम्ही एकाच गावचे. लग्नाआधी नाही, नंतरही नाही, ह्यांनी मला कधी पत्र म्हणून लिहिलं नाही. वेळच आली नाही."

ह्यावर आम्ही कोणी काही बोललो नाही, आणि बोलण्यासारखे काही होते असेही वाटत नाही. शर्यतीच्या आदल्या रात्री, सगळी तयारी झाल्यावर, माणूस तो रकाना भरायला बसतो तेव्हा आपण पडलो तर कोणाला हाक जावी ह्याचा त्याला क्षणभर विचार करावा लागतो. सरांनी तो अठरा वेळा केला, आणि अठराही वेळा उत्तर एकच आले. दुसऱ्या दिवशी ते उत्तर बेचाळीस किंवा एकवीस किलोमीटर पोटाशी, आतल्या बाजूने, घामाने भिजत गेले.

बिबांचे मावशींच्याच हातून एक लहान पुस्तक करून घेतले आहे. डाव्या काठाने धावदोरा, आणि पाठी वर. क्रमांक पाहायचे असतील तर पान उलटावे लागते. वहिनी ते सहसा उलटत नाहीत.